उरलेल्या सदतीस चित्रांचे काय?

निपाणीतील एका हौशी छायाचित्रण मंडळाच्या चिटणीसांनी, जे पेशाने शाळाशिक्षक आहेत, एक लांबलचक प्रश्न पाठवला आहे. त्याचा मथितार्थ असा: मंडळ सुरू होऊन आठ महिने झाले. पहिल्या मासिक स्पर्धेला २२ सभासद आणि ४० चित्रे होती. आता बैठकीला नऊ-दहा जण येतात. बक्षिसे तेच दोघे-तिघे नेतात, परीक्षकांविषयी कुरबुर आहे, आणि काहींचे म्हणणे असे की सहली, प्रदर्शन किंवा एखादी राष्ट्रीय स्पर्धा असे काही मोठे केल्याशिवाय मंडळात जीव येणार नाही. बक्षिसाची रक्कम वाढवून किंवा मोठा फिरता चषक ठेवून उपयोग होईल का, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे. मी बेळगावात अशाच एका मंडळाच्या मासिक स्पर्धेचे काम गेली २३ वर्षे पाहत आलो आहे आणि आपल्या मंडळाला जे आठव्या महिन्यात झाले तेच आमच्या मंडळाला दुसऱ्या वर्षी झाले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या पहिल्या स्पर्धेत ४० चित्रे आली आणि ३ बक्षिसे दिली गेली, म्हणजे ३७ चित्रे काहीही न मिळवता घरी गेली. ज्यांना बक्षीस मिळाले ते पुढच्या महिन्यात येणारच आहेत. त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. मंडळ टिकते किंवा मोडते ते या ३७ चित्रांच्या मालकांना त्या संध्याकाळी काय मिळाले यावर. स्पर्धेचा प्रत्येक नियम, म्हणजे विषय कोणता, परीक्षक कोण, गुण कसे, पडदा केवढा, हा या एकाच प्रश्नाला लावून पाहावा, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. पुढे जे लिहितो आहे ते सगळे त्याच मताचा विस्तार आहे.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडे बैठकीची रीत अशी होती की पडद्यावर चित्र यायचे, तीन परीक्षक कागदावर आकडा लिहायचे आणि पुढचे चित्र यायचे. चाळीस चित्रे पंचवीस मिनिटांत संपायची, मग चहा, मग निकाल. एकदा खानापूरहून येणाऱ्या एका सभासदाने निकालाचा कागद हातात धरून मला विचारले, "सहा म्हणजे पास की नापास ओ?" त्याने कौलांच्या भट्टीचे चित्र दिले होते, त्यासाठी तो पहाटे चार वाजता उठला होता, आणि आमच्याकडून त्याला मिळाला होता एक आकडा. माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो पुढे दोन महिने आला आणि मग यायचा थांबला. त्याचे चित्र चांगले होते की वाईट, हे आज मला आठवत नाही आणि आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही, कारण आम्ही ते पाहिलेच नव्हते. आम्ही ते फक्त मोजले होते.

आता आमची पद्धत वेगळी आहे. प्रथम सर्व चित्रे कोणाचेही नाव न सांगता, प्रत्येकी पाच-सहा सेकंद, शांतपणे एकदा दाखवली जातात. याचे एक कारण असे की कोणताही परीक्षक पहिल्या चार-पाच चित्रांना हात राखून गुण देतो, पुढे काय येणार आहे हे त्याला माहीत नसते. सगळा पल्ला एकदा डोळ्यांखालून गेला की सर्वांत आधी दाखवलेल्या चित्राचे नुकसान होत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक चित्रावर दीड ते दोन मिनिटे बोलणे होते. बोलण्यास सुरुवात परीक्षकांनी नव्हे, तर सभासदांनी करायची, आणि पहिले वाक्य "आवडले" किंवा "आवडले नाही" असे नसावे, तर "मला यात अमुक दिसते" असे असावे, एवढीच अट आहे. चित्र काढणाऱ्याने या वेळात तोंड उघडायचे नाही. हे त्याला जड जाते, पण आपण जे दाखवले असे त्याला वाटत होते ते समोरच्याला दिसलेच नाही, ही गोष्ट त्याला याच दीड मिनिटात कळते. चाळीस चित्रांना दीड तास लागतो, म्हणून प्रत्येकी दोन प्रवेशिकांऐवजी एकच ठेवावी लागली. ती आम्ही आनंदाने ठेवली.

या पद्धतीतून काय हाती लागते याचे एक उदाहरण देतो. वडगाव आणि शहापूर भागात अजूनही यंत्रमाग चालतात, हे आपणास ठाऊक असेलच. आमच्या एका सभासदाने तिथले चित्र दिले होते: खिडकीतून येणारा तिरपा उजेड, मागावर वाकलेला म्हातारा विणकर, ताण्याचा (मागावरच्या उभ्या धाग्यांतला) तुटलेला धागा जोडणारी त्याची बोटे अगदी स्पष्ट, आणि मागे मागाचे चाक फिरत असल्यामुळे धूसर झालेले. उजेड उत्तम, रचना उत्तम, बोटांवरचा फोकस चोख. सगळे वाखाणत होते. त्या दिवशी आम्ही परीक्षक म्हणून ज्यांना बोलावले होते त्यांत छायाचित्रणाशी काहीही संबंध नसलेले, आयुष्यभर मागावर काम केलेले एक गृहस्थ होते. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चाक फिरतंय, म्हणजे माग चालू आहे. चालू मागात ताण्याला हात कोण घालतो? बोटं जातील की." खोलीत शांतता पसरली. छायाचित्रकाराने मग कबूल केले की त्याने चाक धूसर यावे म्हणून माग चालू ठेवायला सांगितले होते आणि म्हाताऱ्याला हात नुसता धाग्याजवळ धरायला लावला होता.

त्या चित्राला बक्षीस मिळाले नाही. पण तो सभासद पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या मागावर गेला, कॅमेरा पिशवीत ठेवून दोन-तीन तास बसला, आणि माग केव्हा थांबतो, धोटा (आडवा धागा नेणारे साधन) कुठे येऊन उभा राहतो, धागा तुटला की विणकर आधी कशाकडे पाहतो, हे त्याने नुसते बघितले. नंतर त्याने जे चित्र आणले त्यात चाक स्थिर होते, उजेड पहिल्यापेक्षा साधा होता आणि विणकराच्या चेहऱ्यावर, काम खोळंबल्यावर येतो तो वैताग होता. तेही चित्र बक्षिसात आले नाही. आमच्या मंडळात गेल्या दहा वर्षांत शिकण्यासारखे जे घडले त्यात ही दोन बिनबक्षिसाची चित्रे मी सर्वांत वर ठेवतो.

यावरूनच परीक्षकांचा मुद्दा निघतो. आपल्याकडे कुरबुर असण्याचे एक कारण असे दिसते की आपले तीनही परीक्षक लग्नसमारंभाचे व्यावसायिक छायाचित्रकार आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, परंतु तिघे एकाच धंद्यातले असले की तिघांची नजर एकाच गोष्टीवर जाते. तिघांपैकी एक छायाचित्रकार, एक चित्रकलेचा शिक्षक आणि एक त्या महिन्याच्या विषयाचा जाणकार, अशी वाटणी करून पाहावी. विषय शेतीचा असेल तर शेतकरी, कुस्तीचा असेल तर वस्ताद. चित्रकलेचा शिक्षक आपल्या भागात मिळणार नाही असे कोणी म्हणू नये. रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार ज्या बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकला, त्या परिसरात चित्र पाहायला शिकवणारी माणसे आजही गल्लोगल्ली आहेत. त्यांना कोणी बोलावत नाही एवढेच.

गुणांविषयी एक हिशेब मांडतो, कारण निम्म्या तक्रारी परीक्षकाच्या नजरेमुळे नव्हे तर बेरजेमुळे निर्माण होतात आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. समजा क, ख आणि ग अशी तीन चित्रे आहेत. पहिल्या परीक्षकाने क ला ८, ग ला ७ आणि ख ला ६ गुण दिले. दुसऱ्यानेही नेमके तेच दिले. तिसरे परीक्षक मोकळ्या हाताचे. त्यांनी ख ला ९, ग ला ६ आणि क ला ४ दिले. बेरीज केली तर क ला २०, ग ला २० आणि ख ला २१ होतात. म्हणजे तिघांपैकी दोघांनी जे चित्र शेवटचे मानले ते पहिले आले, आणि त्याचे कारण एवढेच की एका परीक्षकाच्या गुणांचा पल्ला इतरांपेक्षा मोठा होता. आता याच निकालात गुणांऐवजी क्रमांकांची बेरीज करा: क चे १, १ आणि ३ मिळून ५, ग चे तीनदा २ मिळून ६, ख चे ३, ३ आणि १ मिळून ७. कमी बेरीज ती वरची, म्हणून क पहिले. आम्ही पहिल्या चाळणीसाठी "ठेवावे, वगळावे, थांबावे" एवढाच कौल घेतो आणि उरलेल्या आठ-दहा चित्रांना परीक्षकांकडून केवळ क्रमांक लावून घेतो. हे सुरू केल्यापासून निकालावरची भांडणे पुष्कळ कमी झाली. परीक्षकांनी तिन्ही बक्षिसप्राप्त चित्रांबाबत कारण तोंडी सांगायचे, ही अटही त्याबरोबर घालावी.

दुसरा एक अन्याय पडद्यावर होतो. बहुतेक प्रोजेक्टर १९२० बाय १०८० पिक्सेलचे असतात. नेहमीच्या ३:२ प्रमाणातले आडवे चित्र त्यावर १६२० बाय १०८० एवढे दिसते, म्हणजे सुमारे साडेसतरा लाख पिक्सेल. तेच चित्र उभे असेल तर ७२० बाय १०८०, म्हणजे पावणेआठ लाखांच्या आसपास. उभ्या चित्राला पडद्यावर निम्म्याहूनही कमी जागा मिळते आणि मोठे दिसणारे चित्र माणसाला अधिक प्रभावी वाटते, हे सांगायला नको. त्यावर उपाय फुकटचा आहे: सर्व चित्रे १०८० बाय १०८० च्या चौकोनात बसतील अशी मागवावीत. मग आडवे १०८० बाय ७२० आणि उभे ७२० बाय १०८० असे दोन्हींना सारखे क्षेत्रफळ मिळते. रंग-प्रणाली एसआरजीबी ठेवायला सांगावे, अन्यथा काहींचे रंग पडद्यावर फिके पडतात आणि दोष विनाकारण परीक्षकावर येतो.

तेच दोघे-तिघे का जिंकतात, याचे उत्तर आपल्या विषयांच्या यादीत आहे. आपण "निसर्ग", "व्यक्तिचित्र", "वन्यजीव", "प्रवास" असे विषय ठेवले आहेत. ज्याच्याकडे ६०० मिमीची लेन्स आहे आणि जो वर्षातून दोनदा कबिनीला आणि एकदा दांडेलीला जाऊ शकतो, त्याच्या संग्रहात या प्रत्येक विषयाचे तयार चित्र पडलेले असते. त्याला त्या महिन्यात कॅमेरा हातात घ्यावाही लागत नाही. मोबाइलवर चित्र काढणाऱ्या मुलीला त्याच्यापुढे उभे करणे ही स्पर्धा नव्हे. म्हणून चित्र त्याच महिन्यात काढलेले असावे आणि सभासदाच्या घरापासून २५ किलोमीटरच्या आत काढलेले असावे, हे दोन नियम करावेत. विषय असा द्यावा की जो घराबाहेर पडल्याशिवाय सुचणार नाही, पण ज्यासाठी दूर जावे लागणार नाही. आमच्याकडे चाललेले काही विषय सांगतो: पाऊस थांबल्यावरचा पहिला तास, गुडघ्याच्या उंचीवरून, उंबरठा, बाजार उठल्यानंतर, दुकानाची पाटी लिहिणारे हात, एकच रंग. "बाजार उठल्यानंतर" या विषयाला सर्वांत चांगली चित्रे आली, कारण आठवडा बाजार भरलेला असताना सगळेच काढतात आणि तो उठल्यावर उरलेली भाजीची पाने, तराजू पुसणारी बाई, पोती झटकणारा पोरगा यांच्याकडे कोणी पाहत नाही. निपाणीत तर आपल्याला तंबाखूच्या वखारींपासून विड्या वळणाऱ्या हातांपर्यंत विषयांची वानवा नाही. फक्त विड्या वळणाऱ्या बायकांचे चित्र प्रत्येक परगावचा छायाचित्रकार काढून नेतो, तेव्हा तोच विषय आपण त्यांच्यापेक्षा वेगळा कसा पाहणार, हे आधी ठरवा.

सभासदांचे "शिकाऊ" आणि "अनुभवी" असे दोन गट पाडण्याची सूचना आपल्याकडे आली आहे. पंधरा-वीस माणसांच्या मंडळात ते करू नये; दोन्ही गट विरळ होतात. त्यापेक्षा जो सलग दोनदा पहिला येईल त्याने पुढचे तीन महिने स्पर्धेत न उतरता चर्चा चालवावी, असा नियम करा. चांगले चित्र काढणाऱ्याला चांगले बोलता येतेच असे नाही, आणि ते त्याच्या लक्षात येणे त्याच्याही हिताचे असते.

वन्यजीव हा विषय वर्षातून एकदाच ठेवावा आणि नियम लेखी असावेत, हे मी ठेच लागून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही पिल्लांना भरवणाऱ्या पक्ष्याच्या चित्राला पहिले बक्षीस दिले. नंतर त्याच छायाचित्रकाराने मागचे-पुढचे फोटो एका मित्राला दाखवले तेव्हा कळले की पहिल्या फोटोत घरट्याला आडोसा देणाऱ्या दोन फांद्या होत्या आणि बक्षिसाच्या फोटोत नव्हत्या. उजेड नीट यावा म्हणून त्या तोडल्या होत्या. उघड्या पडलेल्या घरट्याचे पुढे काय होते हे सांगायची गरज नाही. बक्षीस परत घेतले, पण आम्ही तीन परीक्षक आणि तीस सभासदांनी त्या चित्रापुढे टाळ्या वाजवल्या होत्या, ही गोष्ट परत घेता आली नाही. पूर्वीच्या पिढीत घरट्याजवळ लपण (लपून बसण्याचा आडोसा) उभारून चित्रे घेणे सर्वमान्य होते, म्हणून जुन्या नामवंतांचे दाखले कोणी देऊ लागले तर ऐकू नका. घरटे, अंडी आणि पिल्ले यांची चित्रे स्वीकारली जाणार नाहीत, असे एका ओळीत लिहून टाका.

उरलेल्या नियमांसाठी नव्याने डोके खाजवण्याची गरज नाही. फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना, अमेरिकेची पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघींनी २०१४ मध्ये निसर्ग छायाचित्रणाची एक सामाईक व्याख्या स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०१५ पासून लागू झाली. तिचा गाभा असा की कातरण्याखेरीज चित्रातली कोणतीही गोष्ट वाढवता, हलवता, बदलता किंवा काढून टाकता येत नाही. मानवनिर्मित वस्तू त्या निसर्गकथेचा अविभाज्य भाग असेल तरच चालते. आणि वन्यजीव विभागात प्राणी मुक्त असावा लागतो, म्हणजे प्राणिसंग्रहालयातला वाघ बाद. घराच्या आढ्यात राहणारे घुबड त्या व्याख्येत बसते आणि पिंजऱ्यातला सिंह बसत नाही, एवढे सभासदांना सांगितले तरी पुरे. आंबोलीच्या पावसाळी सहलींबाबत मात्र वेगळे बजावावे लागते. तिथे रात्री बेडूक आणि साप यांची चित्रे काढायला आपल्या भागातून गाड्या भरभरून जातात, आणि चांगल्या पानावर बसवण्यासाठी बेडूक उचलला जातो. २००९ मध्ये शास्त्रीय नोंद झालेला आंबोली टोड तर जगात त्या परिसरातच सापडतो. प्राण्याला हात लावलेला असल्यास चित्र बाद, आणि सहलीतूनही पुढच्या वेळी नाव बाद, असा आमचा नियम आहे. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झालेले आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मंडळाच्या नावाने पाऊलही टाकू नये.

संगणकावरच्या संस्काराविषयी थोडक्यात. उजेड, रंग, कातरणे आणि नॉइज (चित्रातले नको असलेले दाणे) कमी करणे यांना मुभा द्यावी. आकाश बदलणे, माणसे पुसणे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने काहीही नव्याने भरणे यांना मनाई करावी. शेवटच्या पाच चित्रांची मूळ फाइल आणि त्यांच्या अलीकडची-पलीकडची, म्हणजे लगेच आधी आणि नंतर टिपलेली, एकेक चौकट मागवावी. मागची-पुढची चौकट हा सगळ्यांत चांगला साक्षीदार असतो. घरट्याच्या प्रकरणात तोच कामी आला होता. काही मोबाइल चंद्रावरचा तपशील स्वतःच भरतात, म्हणून चंद्राच्या मोबाइलचित्राला बक्षीस देण्याची घाई करू नये. कृष्णधवल विभागाचा वाद नेहमी एकाच ठिकाणी होतो: संपूर्ण चित्राला एकच छटा दिलेली असेल तर ते एकरंगी, पण काळ्या-पांढऱ्या चित्रात एकच गुलाब लाल ठेवला तर ते रंगीत विभागात जाते.

आता सहली. दूरची सहल ही मंडळाची करमणूक आहे, शिक्षण नव्हे. गोकाकला ऑगस्टमध्ये जरूर जावे, ५२ मीटरवरून कोसळणारा घटप्रभेचा तांबूस लोट पाहण्यासारखाच आहे. पण वीस जण एकाच कठड्याला ट्रायपॉड लावून रेशमासारखे पाणी काढतात आणि परत येतात तेव्हा वीस जणांकडे मिळून एकच चित्र असते. आमच्याकडे सर्वाधिक टिकलेला उपक्रम म्हणजे गल्लीची फेरी. शहरातली एकच गल्ली, सकाळचे दोन तास, एकच लेन्स आणि जुन्या रिळाप्रमाणे मोजून ३६ चौकटी. पडद्यावर लगेच पाहायचे नाही, पुसायचे नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या छत्तीसच्या छत्तीस चौकटी ओळीने पाहायच्या. निवडलेले एक चित्र पाहण्यापेक्षा माणूस त्या चित्रापर्यंत कसा पोहोचला, कुठे घाबरून दूर उभा राहिला, कुठे एक पाऊल पुढे टाकायला हवे होते, हे त्या छत्तीस चौकटींत वाचता येते. पहिल्या फेरीत आमच्या एका ज्येष्ठ सभासदाच्या छत्तीसपैकी एकतीस चौकटींत माणसांच्या पाठी होत्या. त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

उत्सवांत बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र मंडळासाठी उत्तम शाळा आहे. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या जयंतीनंतर निघणारी ही मिरवणूक रात्रभर चालते. देखावे हलते, दिवे एलईडीचे, गर्दी दाट. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनक्षमता) ३२०० वर नेण्याच्या भीतीने नवखे लोक शटर इतके संथ ठेवतात की मावळ्यांचे चेहरे पुसले जातात, आणि कॅमेऱ्याचे मूक इलेक्ट्रॉनिक शटर वापरणाऱ्यांच्या चित्रांत आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने असे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. यांत्रिक शटर आणि १/१०० सेकंदाचा वेग ठेवला की बहुतेक पट्टे जातात. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेत किंवा चिंचलीच्या मायाक्का यात्रेत भंडाऱ्याने पिवळे झालेले आसमंत सर्वांना खुणावते, पण तिथे माझा आग्रह एकच असतो: ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला आधी विचारा, स्नान करणाऱ्यांकडे आणि अंगात आलेल्यांकडे कॅमेरा वळवू नका.

पावसाळ्यात आपल्या भागात, विशेषतः खानापूर आणि जांबोटीच्या बाजूला, लेन्सना बुरशी लागते आणि सभासद गळण्याचे ते एक अगदी व्यावहारिक कारण असते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. चामड्याच्या मूळ पेटीत लेन्स जपून ठेवणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे होय. जूनच्या बैठकीत हे डबे सगळ्यांनी मिळून तयार करावेत.

प्रदर्शनाला मी स्पर्धेपेक्षा अधिक महत्त्व देतो, कारण कागदावर आल्याशिवाय चित्राचे खरे रूप कळत नाही. सभासदांचा गैरसमज असतो की मोबाइलचे चित्र मोठे होत नाही. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल धरले तर २४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात, आणि १२ मेगापिक्सेलचा साधा मोबाइल ४००० बाय ३००० देतो. कागद स्वतः उजळत नाही, त्यामुळे पडद्यावर ठीक वाटणारे चित्र प्रिंटमध्ये काळवंडते. म्हणून आधी ४ बाय ६ ची एक चाचणी प्रत काढावी आणि ती ट्यूबलाइटखाली नव्हे तर खिडकीशी धरून पाहावी. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा, म्हणजे मान वर करावी लागत नाही. सभागृह मिळाले नाही तरी अडत नाही. आम्ही एका वर्षी "बाजार उठल्यानंतर" ची चित्रे त्याच बाजाराच्या कडेला सुतळीवर कपड्यांचे चिमटे लावून टांगली. तराजू पुसणारी ती बाई स्वतःच्या चित्रापुढे येऊन थांबली, पदराला हात पुसून तिने चित्राची कड चाचपली आणि विचारले, "हे आता माझंच न्हवं?" चिमटा काढून चित्र तिच्या हातात दिले. त्या दिवसापासून ज्याचे चित्र काढले त्याला एक प्रत पोहोचवणे हा प्रवेशिकेच्या अटींचाच भाग झाला आहे.

सूचना आणि नियम मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढावेत, हे आपल्या गावात सांगायची गरज भासू नये, पण आमच्याकडे सुरुवातीला ते झाले नाही आणि धारवाडहून येऊ शकणारे दोन उत्तम परीक्षक आम्ही उगाच गमावले. चर्चेत ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत त्याने बोलावे. शेजारचा समजावून सांगतो. कन्नडमध्ये छायाचित्रकाराला "छायाग्राहक" म्हणतात. आमच्या एका मराठी सभासदाने तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा त्याला वाटले की हा सावल्या विकत घेणारा कोणी गिऱ्हाईक असावा. मला तो अर्थ मूळ अर्थापेक्षा अधिक आवडतो.

राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. १९५० मध्ये स्थापन झालेल्या फियापसारख्या संघटनेच्या मान्यतेने अशी स्पर्धा घ्यायची तर विभाग, परीक्षक, निकालपत्रे आणि सूची यांचे काम वर्षभर पुरते, आणि ते दोन-तीन माणसांच्याच गळ्यात पडते. सभासदांनी बाहेरच्या स्पर्धांना चित्रे पाठवायला हरकत नाही. बेंगळूरच्या यूथ फोटोग्राफिक सोसायटीसारख्या १९७१ पासून चाललेल्या संस्थेचे निकाल आणि स्वीकृत (स्पर्धेने प्रदर्शनासाठी निवडलेली) चित्रे एकत्र बसून पाहणे हा एका बैठकीचा चांगला कार्यक्रम होतो. मात्र स्वीकृतींची मोजदाद करून किताब मिळवण्याच्या मागे लागलेला सभासद हळूहळू परीक्षकांना काय आवडते तेवढेच काढू लागतो, असे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

राहिला प्रश्न बक्षिसाचा. रक्कम वाढवू नये. पैसा वाढला की तक्रारी वाढतात आणि मूळ फाइल तपासण्याचे काम पोलिसी होऊन बसते. पहिल्या तिघांना त्यांचेच चित्र १२ बाय १८ मध्ये छापून, माउंट करून द्यावे. उरलेल्या सदतीस चित्रांच्या मालकांना प्रत्येकी एका कागदावर, बैठकीत त्यांच्या चित्राविषयी जे बोलले गेले त्यातली दोन वाक्ये लिहून द्यावीत. त्यासाठी दरवेळी एक टिपणकर्ता नेमावा. फिरत्या चषकाविषयी म्हणाल, तर आम्ही फार पूर्वी एक मोठा पितळी चषक केला होता. तो ज्या सभासदाकडे शेवटचा गेला ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले आणि चषकही त्यांच्याबरोबर गेला. त्यात आता त्यांची नात रंगाचे ब्रश ठेवते, असे त्यांनी मागच्या दिवाळीत फोनवर सांगितले. तो परत मागवावा असा ठराव कोणी मांडला नाही, आणि त्यानंतर दुसरा चषकही आम्ही केला नाही.